आकड्यांचे साधन आणि शाळेचा संगणक
(तालुका प्राथमिक शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



आपण सारे वर्षभर आकडे लिहीत असतो. सकाळी हजेरीपटावर, दुपारी शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीत, सत्राच्या अखेरीस गुणपत्रकांत आणि वर्षातून एकदा यू-डायसच्या प्रपत्रांत आपण आकडे भरतो. हे आकडे शाळेतून केंद्रात, केंद्रातून तालुक्यात आणि तालुक्यातून जिल्ह्यात जातात. परंतु ज्या शिक्षकाने ते लिहिले त्याच्याकडे ते क्वचितच परत येतात. आकडे आपण लिहावयाचे आणि वाचावयाचे मात्र दुसऱ्या कोणी, अशी एक समजूत आपल्या मनात रुजून बसली आहे. ही समजूत दूर व्हावी, आणि ती दूर करण्यासाठी जे साधन लागते ते आपल्या शाळेतील संगणकावर आपल्याच हाताने बसविता यावे, एवढ्याच हेतूने मी आज आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, दोन शाळा आहेत. दोहोंच्याही चौथीच्या वर्गात ३० मुले आहेत आणि दोन्ही शाळा वर्षात २०० दिवस भरल्या. दोहोंचीही सरासरी हजेरी शेकडा ८० आहे. वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यात या दोन शाळा अगदी सारख्या दिसतील. पण पहिल्या शाळेत प्रत्येक मूल १६० दिवस आले आणि ४० दिवस आले नाही. दुसऱ्या शाळेत २४ मुले सर्वच्या सर्व दिवस आली आणि ६ मुले एकही दिवस आली नाहीत. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा, ४८०० हीच संख्या येते. तथापि पहिल्या शाळेपुढचा प्रश्न ताप-खोकल्याचा, पावसाचा आणि आठवड्याच्या बाजाराचा आहे, तर दुसऱ्या शाळेत सहा मुलांचे शिक्षण संपलेले आहे. सरासरी खोटे बोलली नाही, तिने फक्त सहा मुलांविषयी मौन पाळले. हे मौन सोडवावयाचे तर प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा काढून पाहिला पाहिजे, आणि ते काम बोटांवर मोजून होणारे नाही.

आकड्यांचे शास्त्र मोठ्या शहरांचे, आपल्यासारख्या खेड्यांतील माणसांचे नव्हे, असे कोणास वाटत असेल तर त्यांनी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्मरण करावे. १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले हे गृहस्थ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले, आणि नमुना-पाहणीच्या शास्त्रावरील त्यांचा ग्रंथ जगभर अभ्यासला गेला. शेतातील पिकाची आणि माणसाच्या ताटातील अन्नाची मोजणी हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आपल्या हजेरीपटाची जातही तीच आहे.

आता साधनाकडे वळू. अशी साधने अनेक आहेत. त्यांतील काही फार महाग आहेत, काही फुकट आहेत. मी आज ज्याविषयी बोलणार आहे त्याचे नाव केवळ एका अक्षराचे आहे : 'आर'. न्यूझीलंड देशातील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते रचले. त्याच्या आधी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांचे सहकारी यांनी 'एस' नावाची संख्याशास्त्राची संगणकभाषा सुरू केली होती. 'आर' हे तिच्याच वळणावर बांधलेले आहे. १९९५ साली या दोन अध्यापकांनी ते मुक्त परवान्याखाली सर्वांस खुले केले आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी त्याची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मुक्त परवान्याचा अर्थ असा की, ते विकत घ्यावे लागत नाही, कितीही संगणकांवर बसविता येते आणि शेजारच्या शाळेस त्याची प्रत देणे हा गुन्हा ठरत नाही. ज्या शाळेस खडूच्या पेटीचाही हिशेब ठेवावा लागतो, त्या शाळेच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

एक्सेल किंवा लिबरऑफिस कॅल्क यांसारख्या तक्त्यांच्या साधनांवर आपले पुष्कळ काम होते, आणि ज्यांचे त्यावर भागते त्यांनी ते खुशाल चालू ठेवावे. 'आर'चा विशेष एवढाच की, त्यात आपण काय काय केले ते आज्ञांच्या रूपाने लिहून ठेवता येते. यंदा लिहिलेल्या चार ओळी पुढील वर्षी नव्या हजेरीवर तशाच चालतात. आपली बदली झाली तरी आपल्या जागी येणाऱ्या शिक्षकास त्या उपयोगी पडतात. शिवाय विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही कार्यप्रणालींवर त्या ओळी बहुधा सारख्याच चालतात. भेद आहे तो बसविण्याच्या रीतीत, आणि आपली अडचण होते तीही तेथेच.

म्हणून काहीही उतरवून घेण्यापूर्वी आपल्या संगणकाची ओळख करून घ्यावी. पाहुण्याचे नाव-गाव विचारल्यावाचून आपण त्याला पाटावर बसवीत नाही, तसेच हे आहे. विंडोज असल्यास 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' व त्यात 'अबाउट' येथे जावे. तेथे 'सिस्टीम टाइप' या ओळीत संगणक ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा हे लिहिलेले असते. मॅक असल्यास डाव्या कोपऱ्यातील सफरचंदाच्या खुणेखाली 'अबाउट धिस मॅक' पाहावे. तेथे यंत्राचा मेंदू इंटेलचा आहे की ॲपलचा स्वतःचा हे कळते. लिनक्स असल्यास टर्मिनल उघडून 'युनेम' या आज्ञेपुढे एक जागा सोडून आडवी रेघ व 'एम' लिहावे, म्हणजे उत्तर मिळते. येथे एक सूचना करून ठेवतो. या भाषणात आज्ञांचे उच्चार मी नागरीत देत आहे. संगणकावर मात्र त्या रोमन अक्षरांत लिहावयाच्या आहेत.

दुसरी सावधगिरी अशी की, 'आर' त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. त्या ठिकाणास 'क्रॅन' म्हणतात. १९९७ पासून चालत आलेले ते 'आर'चे सार्वजनिक कोठार होय. अन्य कोठून, विशेषतः 'फुकट उतरवा' असे चमकणारे बटण दाबून, काहीही घेऊ नये. तशा पिशवीत धान्यापेक्षा खडेच अधिक निघतात.

विंडोजची रीत सर्वांत सोपी आहे. 'क्रॅन'वर विंडोजसाठीच्या पानावर जाऊन 'बेस' हा विभाग निवडावा आणि तेथील फाइल उतरवून घ्यावी. ती १०० मेगाबाइटहून लहान असते. म्हणून तालुक्याच्या गावी ती पेन ड्राइव्हवर घेऊन, जेथे जाळे पोचत नाही अशा वस्तीशाळेतही नेता येते. फाइलवर दोनदा टिचकी मारली की एकामागून एक प्रश्न येतात. नवशिक्याने सुचविलेली उत्तरेच मान्य करीत पुढे जावे. संगणकाचा मुख्य परवलीचा शब्द आपल्यापाशी नसला तरी अडत नाही, कारण आपल्या स्वतःच्या खात्याच्या फोल्डरातही 'आर' बसविता येते.

विंडोजविषयी दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० या आवृत्तीपासून 'आर' ३२ बिटांच्या विंडोजवर चालत नाही; तशा जुन्या संगणकासाठी ४.१.३ ही शेवटची आवृत्ती होय, आणि ती त्याच कोठारात जुन्या आवृत्त्यांच्या विभागात मिळते. दुसरी गोष्ट आपल्या भाषेशी संबंधित आहे. त्याच ४.२.० पासून, विंडोज १० च्या अलीकडील आवृत्त्यांवर व त्यापुढील विंडोजवर, 'आर' युनिकोडची यूटीएफ-८ ही लेखनपद्धती मूळचीच म्हणून वापरू लागले. त्यापूर्वी विंडोजवर नागरी अक्षरे वाचताना त्यांच्या जागी चौकोन आणि विचित्र खुणा उमटत असत. ज्या शिक्षकांनी पूर्वी एकदा प्रयत्न करून, 'यात मराठी चालत नाही' म्हणून तो सोडून दिला असेल, त्यांनी नवी आवृत्ती घेऊन पुन्हा एकवार पाहावे, अशी माझी विनंती आहे.

मॅक आपल्या शाळांत विरळा, परंतु काही शिक्षकांच्या घरी तो असतो. २०२० च्या अखेरीपासून ॲपल कंपनीने आपल्या संगणकांत स्वतःचा मेंदू बसविण्यास प्रारंभ केला. त्यामुळे 'क्रॅन'वर मॅकसाठी दोन निरनिराळ्या फाइली ठेवलेल्या आढळतात, एक इंटेलच्या यंत्रासाठी व दुसरी ॲपलच्या यंत्रासाठी. आपल्या यंत्राची फाइल घ्यावी, उघडावी आणि सांगितल्याप्रमाणे पुढे जावे. ॲपलच्या मेंदूसाठी केलेली फाइल इंटेलच्या यंत्रावर चालत नाही. तसेच प्रत्येक फाइलीशेजारी मॅकची किमान कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेले असते. ते वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

लिनक्सविषयी थोडे अधिक बोलतो, कारण आपल्या जुन्या संगणकांचे भवितव्य त्याच्याशी निगडित आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाला, आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरतात. असे संगणक कोपऱ्यात धूळ खात ठेवण्यापेक्षा त्यांवर उबुंटूसारखे लिनक्स घालणे हा एक मार्ग आहे. केरळ राज्यातील शासकीय शाळांत मुक्त संगणकप्रणालीवरच शिक्षण दिले जाते, हे आपण जाणताच. ज्याचे मुख्यालय आपल्या पुण्यात आहे त्या 'सी-डॅक' संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सच्याच डेबियन घराण्यातील आहे.

उबुंटूवर किंवा डेबियनच्या घराण्यातील अन्य प्रणालींवर 'आर' बसविण्यास फाइल शोधत हिंडावे लागत नाही. टर्मिनल उघडून प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि नंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर-बेस' या दोन आज्ञा द्याव्या, की प्रणाली आपल्या कोठारातून सर्व साहित्य आणून मांडते. फेडोरा या प्रणालीवर 'ॲप्ट'च्या जागी 'डीएनएफ' आणि 'आर-बेस'च्या जागी नुसते मोठे 'आर' लिहावे. यासाठी इंटरनेटची जोडणी मात्र हवी; पेन ड्राइव्हवर एकच फाइल नेऊन भागत नाही. आज्ञा दिल्यावर परवलीचा शब्द विचारला जातो. तो लिहीत असताना पडद्यावर पुष्कळदा काहीच उमटत नाही, ठिपकेदेखील नाहीत. हे पाहून पुष्कळ जण कळफलक बिघडला असे समजून उठून जातात. तो बिघडलेला नसतो. शब्द पुरा लिहून एंटर दाबावे. काम झाल्यावर टर्मिनलवर मोठे 'आर' लिहिले की साधन सुरू होते. लहान लिपीतील 'आर' लिहिल्यास होत नाही.

तिन्ही प्रणालींतील आणखी एक भेद समजून घेतला म्हणजे पुढील घोटाळा टळतो. 'आर'ला जोडावयाचे हजारो पूरक संच 'क्रॅन'वर मिळतात. विंडोज आणि मॅक यांसाठी ते बहुधा दळलेल्या पिठासारखे तयार मिळतात. लिनक्सवर मात्र पुष्कळदा धान्य येते आणि ते आपल्याच संगणकाला दळावे लागते. त्यासाठी लागणारे जाते म्हणजे 'आर-बेस-डेव्ह' हा संच होय. तो बसविला नसेल तर लांबलचक तांबड्या ओळी उमटतात आणि माणूस घाबरतो. परंतु आपणांस मी आश्वासन देतो की, हजेरी आणि गुण यांच्या अभ्यासास लागणारे सर्व काही मूळ 'आर'मध्येच आहे. प्रारंभी एकही पूरक संच न घेतला तरी चालेल. 'आर-स्टुडिओ' नावाचे जे सुबक दालन पुष्कळ लोक वापरतात ते सोयीचे आहे. पण ते स्वतः गणित करीत नाही. म्हणून आधी 'आर' आणि मग 'आर-स्टुडिओ' हा क्रम मोडू नये.

ज्यांच्यापाशी केवळ मोबाइल आहे त्यांनी निराश होऊ नये. अँड्रॉइडसाठी 'क्रॅन' स्वतंत्र फाइल देत नाही हे खरे. परंतु ब्राउझरमधून 'आर' वापरता येईल अशा सोयी आता झाल्या आहेत. सरावासाठी त्या पुरेशा आहेत. मुलांची खरी माहिती मात्र तेथे चढवू नये. त्याविषयी पुढे बोलतो.

आता साधन बसले असे समजू. ते बरोबर बसले की नाही याची पहिली परीक्षा म्हणजे दोन अधिक दोन लिहून एंटर दाबणे. चार हे उत्तर आले की आपण पहिलीत उत्तीर्ण झालो.

दुसरी परीक्षा हजेरीची. कॅल्क किंवा एक्सेलमध्ये दोन रकाने करावेत : पहिल्यात मुलाचा हजेरी क्रमांक, दुसऱ्यात उपस्थितीचे दिवस. रकान्यांची नावे रोमन अक्षरांत व जागा न सोडता लिहावीत, जसे 'क्रमांक' व 'दिवस'. फाइल सीएसव्ही या स्वरूपात ठेवावी आणि एक्सेलमध्ये असल्यास 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा. येथे पुन्हा कार्यप्रणालींचा भेद आडवा येतो. लिनक्सवर फाइलच्या नावातील लहान व मोठी लिपी भिन्न मानली जाते. विंडोजवर तसे नाही. म्हणून सर्व नावे लहान लिपीतच लिहिण्याची सवय लावावी. विंडोज फोल्डरांच्या नावांमध्ये उलटी तिरपी रेघ घालते, परंतु 'आर'मध्ये तिन्हीकडे सरळ तिरपी रेघ द्यावी. हे कटकटीचे वाटल्यास 'रीड डॉट सीएसव्ही' या आज्ञेच्या कंसात 'फाइल डॉट चूज' व त्यापुढे मोकळा कंस लिहावा, म्हणजे विंडोज व मॅकवर खिडकी उघडून 'कोणती फाइल?' असे साधनच आपणांस विचारते.

आता समजा, आपल्या वर्गातील ३० मुलांपैकी २४ मुले सर्व २०० दिवस आली. उरलेली ६ ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांतील. ती पहिले १०० दिवस एकही दिवस न चुकता आली आणि दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कोयता-बैलगाडीमागे गेली. 'मीन' या आज्ञेने सरासरी काढली तर १८० दिवस येते, म्हणजे शेकडा ९०. तक्त्यात हा वर्ग उत्तम ठरेल. पण 'मीडियन' या आज्ञेने मध्यांक काढला तर तो २०० येतो. सरासरी आणि मध्यांक यांत २० दिवसांचे अंतर का पडावे, हा प्रश्न तेथेच उभा राहतो. मग 'हिस्ट' ही आज्ञा द्यावी. पडद्यावर दोन खांब उभे राहतात, एक २०० जवळ उंच आणि एक १०० जवळ ठेंगणा, मधली जागा रिकामी. शेवटी 'ऑर्डर' या आज्ञेने दिवसांच्या चढत्या क्रमाने ओळी लावल्या की वरच्या सहा ओळींत सहा क्रमांक दिसतात. त्या क्रमांकांमागील चेहरे मात्र जिल्ह्याला किंवा संगणकाला माहीत नसतात, आपणांस माहीत असतात.

हे दिवाळीच्या आधी, मागील वर्षाच्या आकड्यांवरून, शिक्षकाच्या हाती आले तर काय होईल याचा विचार करावा. त्या सहा घरी वेळेवर जाता येईल, हंगामी वसतिगृहाची व्यवस्था करता येईल, आजी-आजोबांपाशी मुले मागे ठेवण्याविषयी शब्द टाकता येईल. सहांपैकी दोन मुले राहिली तरी साधन बसविण्यास घालविलेली संध्याकाळ सार्थकी लागली असे मी म्हणेन. उलट मे महिन्यात हाच आकडा हाती आला, तर तो नुसता हिशेब ठरतो.

शेवटी एक इशारा. मुलांची नावे, आधार क्रमांक, जात, आजार ही माहिती आपल्या हाती विश्वासाने दिलेली ठेव आहे. अभ्यासाच्या फाइलीत केवळ हजेरी क्रमांक ठेवावा. नावे हजेरीपटातच राहू द्यावीत. २०२३ साली संमत झालेल्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाने बालकांच्या माहितीस विशेष संरक्षण सांगितले आहे. परंतु कायदा नसता तरी शिक्षकाचा धर्म हाच असता. आपल्याच संगणकावर बसविलेल्या साधनाचा हाही एक मोठा लाभ आहे की, माहिती शाळेचा उंबरठा ओलांडून जात नाही.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी कोणी संगणकतज्ज्ञ व्हावे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या प्रयत्नात काही चुकेल, पडद्यावर न कळणारी ओळ उमटेल. त्या वेळी ती ओळ जशीच्या तशी कागदावर उतरून घ्यावी आणि पुढील केंद्रसंमेलनात आणावी. एकाची अडचण बहुधा पाच जणांची असते. प्रत्येक केंद्रातील एका शाळेने जरी या सत्रात हे साधन बसविले आणि आपल्या एका वर्गाचे दोन रकाने वाचून पाहिले, तरी पुढील वर्षी आपण साधन कसे बसवावे याविषयी न बोलता मुलांविषयी बोलू. तो दिवस लवकर यावा.